मास्तरांची सही

मी एका आंधळ्या माणसाचे बोट धरून खोट्या कागदावर टेकवले आणि त्याच्याकडून सही घेतली. सही करण्याआधी त्याने मला विचारले होते, "कालचंच लिहिलंय ना?" मी म्हणालो, "हो, कालचंच."

हे मी कुणासाठी केले, किती घाईत केले, त्यातून किती जणांचे भले व्हायचे होते, ते पुढे येईलच. पण ते आधी सांगितले असते तर मी पुन्हा एकदा स्वतःची वकिली करत बसलो असतो. ती मी दोन वर्षे केली आहे. म्हणून आधी एवढेच सांगितले.

तेव्हा आमचे राज्य मध्यभारत होते आणि त्याला राजधान्या दोन होत्या. उन्हाळ्यात सरकार इंदूरला असे, थंडी आली की ग्वाल्हेरला जाई. मी सचिवालयात हेडक्लार्क होतो. दर सहा महिन्यांनी फायली पेट्यांत भरायच्या, पेट्यांवर नंबर घालायचे, चपराशांसह गाडीत चढायचे आणि तिकडे जाऊन त्याच क्रमाने फायली पुन्हा कपाटांत लावायच्या, हे काम माझ्याकडे होते. एकही कागद कधी हरवला नाही. माझे वडील होळकर सरकारच्या दप्तरात होते. कागद नीट लिहिणे आणि नीट सांभाळणे, आमच्या घराण्याची पुण्याई म्हणाल तर तेवढीच.

आमच्या ऑफिसातल्या खुर्च्यांच्या वेताच्या बैठका फाटल्या म्हणजे त्या बडा गणपतीच्या मागच्या गल्लीत विणायला जात. तिथे दोन खोल्यांत अंध माणसांचे एक उद्योगगृह चाले. मी खुर्च्या मोजून घ्यायला जात असे. पुढे तिथल्या समितीने मला मानद चिटणीस होण्याची गळ घातली. पगार नाही, काम पुष्कळ. पण बाजारातून जाताना लोक "नमस्कार चिटणीस साहेब" म्हणू लागले आणि ते मला आवडू लागले, हेही कबूल केले पाहिजे.

उद्योगगृहात विणकाम शिकवणारे मास्तर स्वतः अंध होते. तिशीपर्यंत ते प्राथमिक शाळेत शिक्षक होते. मग दोन वर्षांत डोळे गेले. वेताची पट्टी पाण्यात किती भिजली की वाकेल आणि किती भिजली की कुजेल, हे ते बोटांत धरून सांगत. त्यांना समितीवर घ्यावे ही सूचना माझी. "आंधळ्यांच्या संस्थेत समितीवर एक तरी आंधळा माणूस नको का?" असे मी वार्षिक सभेत म्हणालो तेव्हा टाळ्या पडल्या. मास्तर नंतर मला इंदुरी ढंगात म्हणाले, "भिया, बसवता तर आहात, पण ऐकणार पण ना?" मी हसलो. ते हसले नव्हते, हे मला आज आठवते.

समितीच्या इतिवृत्ताची वही माझ्याकडे असे. खरे तर दर सभेला मागच्या सभेचे इतिवृत्त मोठ्याने वाचायचे असते. पण आमचे अध्यक्ष निवृत्त जज्ज होते, त्यांना वेळेची फार काळजी. ते म्हणत, "वाचलं असं समजू या." मग वही हातोहात फिरे आणि प्रत्येकजण सही करी. मास्तर समितीवर आल्यावरही आमची ही रीत बदलली नाही. वही त्यांच्याकडे आली की मी त्यांचे बोट सहीच्या जागी नेऊन ठेवी. त्यांची सही मोठी झोकदार होती. पाहुण्यांना ती दाखवताना आम्हांला कौतुक वाटे. ते कशाखाली सही करतात हे त्यांना वाचून दाखवावे, हे आम्हां शिकल्यासवरल्या माणसांपैकी एकाच्याही ध्यानात आले नाही.

सरकार ग्वाल्हेरला जायला आठ-दहा दिवस उरले असताना सभा झाली. शहरातले एक सेठजी उद्योगगृहाला जागा द्यायला तयार झाले होते. आता जिकडे अन्नपूर्णेचे देऊळ आहे त्या बाजूला त्यांचा बंगला होता. भोवती बाग, विहीर, एक लांबलचक हॉल. तेव्हा तिकडे सगळी ज्वारीची शेते. सेठजी सभेला स्वतः आले होते. त्यांनी एकच अट घातली. "देखो साब, यो धरम को काम है. म्हारे तो सब की हाँ चइये. एक की भी ना होय तो रेने दो."

सगळ्यांनी माना डोलावल्या. अध्यक्ष म्हणाले, "मास्तर?"

मास्तर म्हणाले, "माझी ना आहे."

कचोरीचा घास तोंडात होता तिथेच राहिला माझ्या.

"जागा छान आहे, सेठजींची मेहरबानी आहे," मास्तर म्हणाले, "पण आमचे लोक पैदल येतात. एकटे येतात. आमच्याकडे जाळी विणणारी ती बाई आहे ना, तिला घरापासून इथवरचा रस्ता शिकवायला मला एक साल लागलं. भाडभुंज्याच्या भट्टीची ऊब डाव्या गालाला लागली की वळायचं. मग सेव तळल्याचा वास. मग उतार. मग देवळाची घंटा उजवीकडे. आधी भावजय तिला लसूण सोलायला कोपऱ्यात बसवायची. आता ती सकाळी म्हणते, मी चालले, आणि चालली. तिकडे शेतात तिनं काय हुंगत जायचं?"

"आपण टांगा ठेवू," अध्यक्ष म्हणाले.

"टांगा येईल तेव्हा जायचं, टांगा नेईल तेव्हा यायचं. म्हणजे पुन्हा दुसऱ्याच्या हातात."

तेव्हा मी बोललो. मला वातावरण हलके करायचे होते. मी म्हणालो, "मास्तर, आम्ही दर सहा महिन्यांनी अख्खं सरकार उचलून ग्वाल्हेरला नेतो. तुमच्या वीस माणसांचं काय एवढं!" सगळे मोठ्याने हसले. सेठजीही हसले.

मास्तर माझ्याकडे तोंड वळवून म्हणाले, "साहेब, फायलींना पाय नसतात. त्यांना कुठं पण ठेवा."

अध्यक्ष म्हणाले, "मास्तर, तुमचा मुद्दा नोंदवला," आणि सभा संपली. बाहेर जोडे घालताना ते माझ्या कानाशी म्हणाले, "सेठजींना एकमत पाहिजे. तुम्ही बघून घ्या." मी ते वाक्य पुष्कळ दिवस ढालीसारखे वापरले. पण लेखणी माझ्या हातात होती, त्यांच्या नव्हे.

मी घरी येऊन वही उघडली. लिहिले : "नवीन जागेत स्थलांतर करण्याचा ठराव सर्वानुमते मंजूर झाला." मास्तरांच्या नकाराबद्दल एक शब्द लिहिला नाही. मला वाटले, माणसे एकदा तिथे रुळली की मास्तरच म्हणतील, बरे झाले. असे लिहिणे मला अवघड गेले असेल असे कुणाला वाटेल, पण नाही. अक्षर नेहमीसारखेच सुबक आले आहे. मी नंतर पाहिले.

सेठजींना सगळ्यांच्या सह्या लगेच हव्या होत्या आणि मला ग्वाल्हेरच्या पेट्या भरायच्या होत्या. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी वही घेऊन मी घरोघर फिरलो. शेवटी उद्योगगृहात गेलो. मास्तर खाली बसून एका खुर्चीच्या भोकांतून पट्टी ओवत होते. त्यांनी हात धोतराला पुसले. पुढचे मी सुरुवातीला सांगितलेच आहे. सही करून झाल्यावर ते म्हणाले, "माझं म्हणणं लिहिलंत हे बरं केलंत. निदान कागदावर तरी राहील." त्या वेळी मी बोलू शकलो असतो. मी वही बंद केली आणि म्हणालो, "येतो मास्तर, गाडीची गडबड आहे."

ग्वाल्हेरला मला अध्यक्षांचे पत्र आले. उद्घाटन थाटात झाले. हारतुरे झाले. अध्यक्षांनी ठराव सगळ्यांसमोर वाचून दाखवला आणि सह्या करणाऱ्यांची नावेही वाचली. मी ते पत्र कचेरीत दोघा-तिघांना दाखवले.

एप्रिलमध्ये परत आल्यावर मी नवी जागा पाहायला गेलो. हॉल हवेशीर होता. भिंतींना पांढरा रंग, दाराशी कण्हेर. माणसे मात्र कमी होती. मी विचारले तेव्हा मास्तर म्हणाले, "चारजण येत नाहीत. बाई पण नाही." टांगा तिच्या गल्लीत शिरत नसे. भावजयीला तिला नाक्यापर्यंत आणून टांग्याची वाट बघत उभे राहावे लागे, घरात लहान मुले रडत. टांगेवाला कधी साडेनऊला येई, कधी दहाला. दोन महिने भावजयीने केले. मग म्हणाली, माझ्याने होत नाही. तिचे तरी काय चुकले?

मी म्हणालो, "काहीतरी करू."

मास्तरांनी हातातली पट्टी खाली ठेवली. "साहेब, एक विचारायचं होतं. त्या कागदावर काय होतं?"

मी दाराशी असलेल्या कण्हेरीकडे बघू लागलो.

"जज्ज साहेबांनी वाचलं, सगळ्यांनी एकमताने, आणि खाली माझं नाव घेतलं. हे लोक समोरच बसले होते. मी त्यांना म्हटलं, मी तर ना म्हटलं होतं. तर बाई म्हणाली, मग सही कुणाची? मी म्हटलं, माझीच. ती म्हणाली, बस, मग झालं. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही." त्यांनी पट्टी पुन्हा हातात घेतली. "तिला वाटतं, खुर्ची मिळाली समितीत, तर मास्तर पण तिकडचा झाला. चूक नाही तिची. मला तिच्याजागी असंच वाटलं असतं."

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "ती ऑफिसची भाषा असते, मास्तर. बहुमत झालं की तसं लिहितात."

"असं का," मास्तर म्हणाले. ते शाळेत शिक्षक राहिलेले गृहस्थ. त्यांना बहुमत आणि एकमत यांतला फरक मी सांगायला नको होता. "बरं. मग या लोकांना एकदा तेवढं सांगून टाका ना. मास्तरनं ना म्हटलं होतं, एवढंच. माझं काही बाकी म्हणणं नाही."

मी "सांगतो" म्हणालो. सांगितले नाही. त्या दिवशी नाही, त्या उन्हाळ्यात नाही. प्रत्येक वेळी कारण सापडे. सेठजींना कळले तर? समितीची अब्रू? माझी अब्रू हा शब्द मी मनातही उच्चारत नसे. मास्तरांनी पुन्हा कधी विचारले नाही. समितीच्या सभांना ते येत, एका बाजूला बसत आणि वही आली की म्हणत, "मला नको. ज्यांना दिसतं त्यांनी करा." हे ऐकून अध्यक्षांना वाटे मास्तर तिरसट झाले आहेत. मला ठाऊक होते. मी खाली बघत असे.

आणि मग मी काय केले, तर त्यांचा सत्कार ठेवला. हे लिहिताना कान गरम होतात. माफी मागायची सोडून मी शाल आणि नारळ आणला. दसऱ्याच्या आसपास, पुन्हा ग्वाल्हेरला निघण्याआधी, हॉलमध्ये छोटा समारंभ केला. मी भाषण केले, त्यांच्या निःस्वार्थी सेवेबद्दल. मास्तरांनी शाल खांद्यावर पडू दिली. नारळ हातात घेऊन कानाशी हलवून पाहिला.

"पाणी आहे," ते म्हणाले. लोक हसले. मग माझ्या बाजूला वाकून हळू म्हणाले, "साहेब, नारळ देऊन माणसाला घरी पाठवतात ना आपल्यात?"

समारंभात विणकर मंडळींनी टाळ्या वाजवल्या त्या अगदी थोड्या. मास्तर पंधरा वर्षे ज्यांचे हात धरून शिकवत आले होते तीच ही माणसे. त्यांच्या हिशेबी हा सत्कार म्हणजे मास्तरांनी सही केल्याचे बक्षीस. मी त्यांचे नाव धुवायला गेलो आणि आणखी काळे करून आलो. हे मला तिथे उभ्या उभ्या कळले, आणि तरीही मी ग्वाल्हेरची गाडी पकडली.

आणखी एक वर्ष गेले. मध्यभारत संपून मोठे राज्य होणार आणि राजधानी भोपाळला जाणार हे ठरले. या वेळी पेट्या भरायच्या त्या कायमच्या. माझीही बदली झाली. चिटणीसपद दुसऱ्याला देऊन वही त्याच्या हवाली करायची होती. देण्याआधी पाने तपासावीत म्हणून एका रविवारी दुपारी मी ती घेऊन बसलो. त्या ठरावाचे पान आले. मास्तरांची सही इतरांच्या ओळीत नव्हती, थोडी तिरपी, वर चढलेली. मी घाईत बोट नीट ठेवले नव्हते. वही आता नव्या माणसाकडे जाणार, तिथून कपाटात. पुढे कुणी उघडली तर त्याला हेच दिसणार की मास्तरांनी होकार दिला. मी सांभाळलेला कागद खोटे बोलणार, आणि माझ्या वडिलांनी शिकवले तसा फार वर्षे टिकणार. पत्नी चहा घेऊन आली. "बरं वाटत नाही का?" म्हणाली. मी तिला सगळे सांगितले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "मग अजून घरात कशाला बसला आहात?"

मी आधी अध्यक्षांकडे गेलो. ते म्हणाले, "जुने ठराव उकरू नका. जागा मिळाली, काम चाललंय, आता कुणाचा काय फायदा?" मी म्हणालो, "साहेब, मी खाडाखोड करत नाही. खाली टीप लिहितो." आणि त्यांच्यासमोर लिहिली : या ठरावाला एका सभासदाने स्पष्ट विरोध केला होता, चिटणिसाने तो जाणूनबुजून नोंदवला नाही आणि मजकूर वाचून न दाखवता त्यांची सही घेतली. खाली माझे नाव लिहिले. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. "तुम्ही स्वतःच्याच विरुद्ध निकाल लिहिताय," ते म्हणाले. पण अडवले नाही.

दुसऱ्या दिवशी मी नव्या जागेत गेलो. सगळे कामाला बसले होते. मी वही उघडून तो ठराव आणि खालची टीप मोठ्याने वाचली. मग एक म्हातारे विणकर म्हणाले, "म्हणजे मास्तर, तुम्ही खरंच बोलत होता की यार." मास्तर म्हणाले, "दोन वर्षं तेच तर सांगतोय." तेवढ्यावर दोघे हसले. मला त्या हसण्यात घेतले नव्हते, ते बरोबरच होते.

मी मास्तरांजवळ बसलो आणि म्हणालो, "मास्तर, मी तुमच्याशी..."

"माझं झालं," त्यांनी मध्येच तोडले. "मी टांग्यात बसतो, येतो. माझी रोटी चालू आहे. जी इथं नाही तिला कोण सांगणार? तुमची वही तिच्या घरापर्यंत जाते का?"

"तुम्ही चला माझ्याबरोबर."

"मी? मी आलो तर ती म्हणेल मास्तरनंच शिकवून आणलं. एकटे जा. पैदल जा."

मी पायी गेलो. बडा गणपतीमागच्या जुन्या जागेपासून तिचे घर विचारत विचारत जावे लागले. चार वर्षे मी तिच्या संस्थेचा चिटणीस होतो आणि तिचे घर मला माहीत नव्हते. दारात भावजय होती. तिने मला ओळखले आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "हिच्यासाठी टांगा पुन्हा चालू करायचा असेल तर आधीच सांगते, मला नाक्यावर उभं राहणं जमायचं नाही."

"नाही, टांग्याचं नाही. त्यांच्याशी बोलायचं आहे."

बाई आत भिंतीला टेकून बसली होती. पुढ्यात सूप, सुपात लसूण. मी काही बोलण्याआधीच तिने आवाजावरून ओळखले. "चिटणीस साहेब ना? बसा. काय, माझा पण सत्कार करायचा आहे का?"

भावजयीने सतरंजी टाकली. मी खाली बसलो. वाटेत जुळवून ठेवलेली वाक्ये सगळी सरकारी वाटू लागली, म्हणून ती सोडून दिली.

मी म्हणालो, "बाई, मास्तरांनी सभेत ना म्हटली होती. तुमचं उदाहरण देऊन म्हटली होती. तुमचा रस्ता त्यांनी आम्हांला वळणावळणानं सांगितला होता. ते मी वहीत लिहिलं नाही. सगळ्यांची हो आहे असं लिहिलं आणि त्यांना वाचून न दाखवता त्यांची सही घेतली. त्यांनी विचारलं, तेव्हा खोटं बोललो. मास्तरांनी तुम्हांला फसवलं नाही. मी त्यांना फसवलं आणि तुम्हांला पण."

लसूण सोलणारी तिची बोटे थांबली होती.

"तुमचं काम माझ्यामुळे गेलं. तुमचं एकटीनं जाणं माझ्यामुळे गेलं. तुम्हांला हलवायचं ठरवलं तेव्हा तुम्हांला विचारायला हवं होतं, ते माझ्या मनातही आलं नाही. आणि कळल्यावर दोन वर्षं मी तोंड लपवून फिरलो. ते काम मी परत आणून देऊ शकत नाही. मी चुकलो, बाई. मला माफ करा."